१२५ सीसीवर नेपाळ: चढाची काळजी सोडा, उताराची घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१८ सालची, कार्बोरेटरवाली १२५ सीसीची साधी गाडी आहे, हाताशी १४ दिवस आहेत, ऑक्टोबरअखेर सुनौलीच्या सीमेवरून पोखरा आणि तिथून मुक्तिनाथला जायचं आहे. मित्र सांगतात, ३५० सीसीच्या खाली विचारसुद्धा करू नका. पत्नीला मागे बसून यायचं आहे. गाडी चढेल का?

चढेल. मी तीन वेळा नेपाळमध्ये छोट्या गाडीवर फिरलो आहे, दोनदा १२५ वर आणि एकदा १०० वर, आणि चढ न चढल्यामुळे एकदाही अडलो नाही. अडलो ते उतारावर, पाण्यात, वाऱ्यात आणि एकदा कागदावर. म्हणून उत्तरात चढाला थोडी जागा देतो आणि बाकीच्याला जास्त.

मित्रांच्या शंकेचा हिशेब आधी करून टाकू. गाडी, तुम्ही आणि सामान मिळून २२० किलो धरा. १५ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १५ मीटर वर, हा डोंगरातला चांगलाच खडा चढ झाला. त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला चाकाशी साधारण तीन हॉर्सपॉवर लागतात. तुमच्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीला दहा-अकरा. मुक्तिनाथच्या खालचं राणीपौवा हे गाव सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि तिथली हवा इतकी विरळ असते की इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद जाते. तरीही सात उरतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण फिरत नसतं, त्यामुळे ते सातही सगळे हाताला येत नाहीत, पण तीन नक्की येतात. ताशी ६० ने चढायचं असेल तर मित्रांचं बरोबर आहे. पण त्या रस्त्यावर ६० ने जायला जागा कुठे आहे? मुक्तिनाथच्या वाटेवरच्या बेनी गावाच्या वर मोठ्या गाड्यासुद्धा माझ्याच वेगाने चालल्या होत्या आणि थांबल्यावर त्यांचे चालक माझ्यापेक्षा जास्त दमलेले असायचे.

त्याचं कारण वजन. तुमची गाडी १२० किलोच्या आसपास, ३५० ची गाडी १९० च्या पुढे. दगडगोट्यांवर गाडी पडणारच, दिवसातून एखादी वेळ धरून चाला. १२० किलोची गाडी एकटा माणूस उचलतो. चिखलात चाक रुतलं तर मागून उचलून बाजूला ठेवता येते. दरड पडून रस्ता बंद झाला तर लोक छोट्या गाड्या हातावर धरून पलीकडे काढतात, मोठ्या गाड्या अलीकडेच ताटकळतात. दुसरं कारण सुट्या भागांचं. नेपाळच्या रस्त्यांवर हिरो, बजाज, होंडा, टीव्हीएसच्या १०० ते २०० सीसीच्या गाड्याच जास्त धावतात. ब्रेक शू, क्लच वायर, चेन, ट्यूब या गोष्टी बेनीसारख्या छोट्या बाजारातही मिळतात, आणि तिथल्या पोरांचा हात त्या इंजिनावर बसलेला असतो. महागड्या गाडीचा एक लिव्हर तुटला तर तो कुठून आणणार?

आता तयारी. निघण्याआधी एक बदल जरूर करा. पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाकडचं चेन ओढणारं दातेरी चक्र, १४ दातांचा असेल तर १३ दातांचा बसवा. गिअरिंग सात टक्क्यांनी खाली येतं, सपाटीवर थोडा वेग जातो, पण पहिला गिअर असा होतो की चढावर हाफ क्लच धरून ठेवावा लागत नाही. छोट्या गाडीची क्लच प्लेट डोंगरात जळते ती ताकद कमी म्हणून नाही, तर गिअर उंच पडल्यामुळे माणूस क्लचवर गाडी ओढतो म्हणून. हा बदल स्वस्तात होतो, तासाभरात होतो आणि घरी आल्यावर उलटवता येतो.

कार्बोरेटरच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. उंचीवर हवा विरळ, पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच येतं, म्हणून मिश्रण घट्ट होतं. गाडी गुरगुरते, प्लग काळा पडतो, सकाळी चालू व्हायला त्रास देते, अ‍ॅव्हरेज घसरतं. २,५०० मीटरपर्यंत काही करू नका. त्याच्या वर फार गुदमरायला लागली तर एअर फिल्टर झटका, प्लग साफ करा, आयडलिंग थोडं वाढवा. एवढ्यावर मी दोन्ही वेळा मुक्तिनाथला पोचलो. कुणी सांगेल फिल्टर काढून चालवा, ते ऐकू नका. बेनीच्या वर लागणाऱ्या कालीगण्डकी नदीच्या खोऱ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते आणि पिस्टनला ती पॉलिश पेपरसारखी घासते. एखाद्या मेकॅनिककडून मिश्रणाचा स्क्रू फिरवून घेतलाच, तर मूळ जागा किती फेऱ्यांवर होती ते लिहून ठेवा आणि खाली उतरल्यावर परत तिथेच आणा. उंचीवर बरोबर केलेलं मिश्रण सपाटीवर पातळ पडतं आणि इंजिन तापतं.

सोबत काय घ्यायचं ते सांगतो. एक प्लग, पुढची आणि मागची एकेक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, हातपंप, चेनची एक जोडकडी, ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, पान्हे, पक्कड, बारीक तार, आणि चेनला लावायचं तेल. क्लचची सुटी वायर पिशवीत ठेवू नका. ती जुन्या वायरच्या शेजारून, त्याच वळणांनी ओढून टेपने बांधून ठेवा, दोन्ही टोकं झाकून. बेनी ते जोमसोम रस्त्यावरच्या घासा गावाच्या वर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी अशा जागी माझी वायर तुटली होती, संध्याकाळचे पाच वाजले होते, उजेड संपत आला होता. टाकी न काढता, फक्त दोन टोकं बदलून दहा मिनिटांत निघालो. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने शिकवली होती आणि तिने त्या संध्याकाळी माझी रात्र वाचवली.

सामान १५ ते २० किलोच्या वर जाऊ देऊ नका. लोखंडी पेट्या नकोत, त्या पडल्यावर पाय अडकवतात. कापडी पिशव्या दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या खाली आणि पुढे. मागच्या कॅरिअरवर उंच ढीग रचला की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही. मागचे शॉकअप एक-दोन खाच कडक करून घ्या.

आता मुख्य मुद्दा.

चढताना इंजिन काम करतं, उतरताना तुम्ही. माझ्या पहिल्या खेपेला मी त्रिभुवन राजपथाने काठमांडूकडून खाली येत होतो. हा १९५० च्या दशकात झालेला जुना रस्ता, दामनजवळ सिमभञ्ज्याङला २,४८८ मीटरवर चढतो आणि मग हेटौंड्यापर्यंत सुमारे दोन हजार मीटर उतरतो, वळणावर वळण. मी तिसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून आरामात उतरत होतो. अर्ध्या तासाने ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. पुढच्या दोन वळणांत ते जवळजवळ टेकलं. समोरून ट्रक येत होता. पुढच्या ब्रेकवर आणि नशिबावर मी थांबलो. ड्रमवर हात धरवत नव्हता.

काय झालं होतं ते समजून घ्या, म्हणजे कायमचं लक्षात राहील. २२० किलो वजन दोन हजार मीटर खाली आणायचं म्हणजे एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवायची, जिने १३ लिटर गार पाणी उकळेल. त्यातली काही वाऱ्यात जाते, काही इंजिन खातं, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर सरकतो, म्हणून पेडल खाली जातं. शूचं अस्तर फार तापलं की त्याची पकडच सुटते. डिस्क असेल तर पॅड जळतात आणि ब्रेक ऑइलमध्ये वाफ धरते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ४ चं ताजं तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं तेल १५५ अंशांनाही उकळू शकतं. तुमच्या गाडीतलं तेल २०१८ पासून बदललेलं नसेल तर निघण्यापूर्वी बदला. ब्रेक शू अर्धे झिजले असतील तरी नवे घाला. या दोन गोष्टींना मी स्प्रॉकेटपेक्षा वर ठेवतो.

उतरायची पद्धत अशी. जो चढ तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढला असता, तो दुसऱ्यातच उतरा. इंजिनाचा आवाज चढला तरी घाबरू नका, ॲक्सिलरेटर बंद असताना त्याला त्रास होत नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकदा नीट, घट्ट दाबा, वेग खाली आणा आणि पूर्ण सोडून द्या. सोडलेल्या वेळात ते गार होतात. हलकासा ब्रेक सतत लावून ठेवणं सगळ्यात वाईट. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही. अर्ध्या-पाऊण तासाने थांबा, हात ड्रमजवळ न्या, आच जाणवली तर दहा मिनिटं बसा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. आणि पुढचा ब्रेक वापरायला शिका. सरळ असताना तोच जास्त काम करतो, पण खडीवर आणि वळणात चाक वळलेलं असताना तो दाबला की गाडी खाली. हे घरच्या मोकळ्या मैदानात खडीवर पंधरा दिवस रोज सराव करून या. उपकरणांवर पैसे घालण्यापेक्षा हा सराव जास्त उपयोगी पडेल.

आता रस्ता. नेपाळमध्ये किलोमीटर मोजून दिवस आखू नका, तास मोजा. डोंगरातल्या डांबरी रस्त्यावर छोट्या गाडीचा, थांबे धरून, तासाला २५ किलोमीटर हा खरा वेग. कच्च्यावर १२ ते १५. सुनौलीपासून बुटवल, तानसेनवरून पोखरा हा सिद्धार्थ राजमार्ग जवळजवळ १८० किलोमीटर आहे, पण तो एका दिवसात करू नका. सीमेवरच दोन तास जातील. बुटवल सोडल्यावर लगेच सिद्धबाबाचा टप्पा लागतो, वरून दगड येण्यासाठी कुप्रसिद्ध. तिथे फोटोला थांबू नका, पावसानंतरच्या दिवशी तर स्थानिक लोक पुढे जात असतील तरच जा. पहिली रात्र तानसेनला काढा. गाव उंचावर आहे, जुनं आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश साफ असेल तर हिमालयाची पहिली रांग तिथूनच दिसते.

पोखऱ्यात एक पूर्ण दिवस ठेवा. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना तिथे काढायचा असतो, सार्क देशांच्या नागरिकांना त्याचे १,००० नेपाळी रुपये पडतात, फोटो सोबत असू द्या. गाडीची चेन ताणून घ्या, नट तपासून घ्या. मग बेनी, साधारण ८० किलोमीटर. आणि बेनीपासून वर खरा प्रवास सुरू होतो.

बेनी ते मुक्तिनाथच्या अलीकडचं जोमसोम हा रस्ता कालीगण्डकीच्या कडेकडेने, एका बाजूला ८,१६७ मीटरचं धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचं अन्नपूर्णा यांच्या मधून जातो. काही तुकडे डांबरी, काही खडी, काही नुसता चिखल, आणि कुठला तुकडा कसा ते दर पावसाळ्यानंतर बदलतं. म्हणून रोज सकाळी समोरून आलेल्या जीपवाल्याला विचारा, ‘दाइ, बाटो कस्तो छ?’ आणि ‘अगाडि पहिरो छ?’ दाइ म्हणजे दादा, बाटो म्हणजे रस्ता, अगाडि म्हणजे पुढे, पहिरो म्हणजे दरड. नकाशावरच्या कुठल्याही माहितीपेक्षा त्या माणसाचं उत्तर ताजं असतं, आणि आपल्याला ते बरंचसं समजतं. भाषेचा हा शेजार मला दर वेळी आनंद देऊन गेला.

रुपसे धबधब्याच्या आसपास आणि पुढेही काही ओहोळ रस्त्यावरून वाहतात. ऑक्टोबरअखेर पाणी कमी असतं, तरी नियम सांगून ठेवतो. आधी उतरून बघा, एखादी जीप जाऊ द्या आणि तिची चाकं कुठे बुडाली ते पाहा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर जा, त्याच्या वर आणि वाहतं असेल तर थांबा. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, नजर पलीकडच्या काठावर, क्लचला हात नाही. मध्येच बंद पडली तर पाय टेकून ढकलत बाहेर काढा. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारू नका. प्लग काढा, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून किक मारा, पाणी बाहेर फेकलं जाईल, मग प्लग पुसून लावा. पाण्यातून आल्यावर शंभरेक मीटर हलका ब्रेक लावत चला, शू सुकतात.

वाऱ्याबद्दल बहुतेक लोक सांगत नाहीत, आणि छोट्या गाडीचा खरा शत्रू तिथे तोच आहे. कालीगण्डकीच्या खोऱ्यात दहा-अकराच्या सुमाराला दक्षिणेकडून वारा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो. जोमसोमची विमानं याच कारणाने सकाळीच उडतात. जोमसोमच्या अलीकडच्या मार्फा गावाच्या पुढे खोरं रुंद होतं, नदीपात्राची वाळू उडते, आणि हलकी गाडी आडव्या झोतात हातभर सरकते. जोमसोमच्या पुढच्या कागबेनी गावाहून दुपारी परतताना वारा समोरून येतो. मी एकदा तिसऱ्या गिअरमध्ये, सपाट रस्त्यावर, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ताशी २५ ने चाललो होतो आणि डोळ्यांत चष्म्याच्या कडेने वाळू जात होती. शेवटी एका भिंतीच्या आडोशाला दीड तास बसलो. तेव्हापासून मार्फाच्या वर माझी गाडी पहाटे निघते आणि अकराच्या आत थांबते. दिवस छोटा होतो, पण मार्फाच्या दगडी गल्ल्यांत आणि सफरचंदाच्या बागांत दुपार घालवायला मिळते, ते काही वाया जात नाही.

उंचीचं म्हणाल तर तिथे गाडीपेक्षा माणूस आधी हरतो. पोखरा ८०० मीटरच्या आसपास, राणीपौवा ३,७००. जीपने ते एका दिवसात होतं आणि म्हणूनच तिथे लोक आजारी पडतात. तुम्ही एक रात्र तातोपानीला काढा, १,२०० मीटरवर, गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायला मिळतं. दुसरी कालोपानीला, सुमारे २,५०० वर. तिसरी मार्फा किंवा कागबेनीला, २,७०० ते २,८०० वर. मग सकाळी मुक्तिनाथला जा, १०८ धारांचं दर्शन घ्या आणि झोपायला परत खाली या. डोकं ठणकतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय, यातलं काहीही झालं तर वर जायचं नाही, खाली यायचं. कागबेनीच्या उत्तरेला अप्पर मुस्तांग सुरू होतं, त्याला वेगळा आणि महागडा परवाना लागतो. ‘थोडं पुढे जाऊन बघू’ असं करू नका.

पत्नी मागे बसण्याबद्दल. सुनौली ते पोखरा खुशाल. बेनी ते जोमसोम मात्र नको, आणि हे मी आग्रहाने सांगतो. १२५ ची ताकद दोघांना ओढेल, पण मागचं वजन खडीवरच्या उतारात पुढचं चाक ढकलतं, ब्रेकना सव्वापट काम पडतं आणि दर धक्का मागे बसलेल्या माणसाच्या कण्यात जातो. माझ्या दुसऱ्या खेपेला आम्ही असं केलं होतं: बायको पोखऱ्याहून सकाळच्या विमानाने जोमसोमला आली, वीसेक मिनिटांत, जड पिशवी तिच्याबरोबर. मी रिकाम्या गाडीने तीन दिवसांत पोचलो होतो. विमान नको असेल तर बस आणि जीप आहेत. तिची उंचीची चढण एकदम होते, म्हणून ती आली त्या दिवसापासून आम्ही खाली मार्फालाच दोन रात्री राहिलो. तिसऱ्या सकाळी दोघं गाडीवर मुक्तिनाथला गेलो. कागबेनीच्या फाट्यापासूनचा तो रस्ता बराचसा चांगला आहे, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दोघांना घेऊन गाडी बिनतक्रार चढली. झारकोटच्या वळणावर मागे वळून निलगिरीचं हिमशिखर पाहिलं तेव्हा ती म्हणाली, एवढ्याशा गाडीवर इथे आलो हे कुणाला खरं वाटणार नाही.

कागदांकडे येतो, कारण माझी सगळ्यात महागडी चूक तिथली आहे. सीमेवर भन्सार, म्हणजे जकात कार्यालयात, गाडीची पावती दिवसांप्रमाणे पैसे भरून घ्यायची असते. भारतीय गाडी एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस आत ठेवता येते. पावतीवरची तारीख विक्रम संवतातली असते. वर्ष आपल्यापेक्षा ५६-५७ ने पुढे, महिनेही वेगळे, आणि त्यांचा महिना आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्यावर सुरू होतो. मी शेवटची तारीख दोन दिवसांनी चुकीची वाचली आणि बाहेर पडताना दंड भरला. म्हणून पावती हातात पडल्यावर तिथेच विचारा की शेवटचा दिवस इंग्रजी तारखेने कोणता, आणि पावतीच्या मागे लिहून ठेवा. दोन दिवस जास्तीचेच भरा, कारण दरड पडली तर ती तुमच्या तारखेसाठी थांबत नाही.

आरसी तुमच्या नावावर असावी. विम्याच्या पॉलिसीत नेपाळ आपोआप येत नाही. कंपनीकडून भौगोलिक क्षेत्रवाढीची नोंद करून घ्यावी लागते, थोडा जादा हप्ता भरून. भारतीय नागरिकाला व्हिसा नको, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून १०० च्याच नोटा न्या आणि वर जाण्याआधी पोखऱ्यात नेपाळी रोख पुरेशी काढून ठेवा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. दारू पिऊन गाडी चालवण्याला तिथे अजिबात माफी नाही, पोलीस तोंडाचा वास घेऊनही पकडतात. काठमांडूला गेलात तर लक्षात ठेवा, २०१७ पासून तिथे विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. डोंगरात मात्र आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवाच.

आणखी एक तारीख पाहून घ्या. दसैं आणि तिहार हे त्यांचे मोठे सण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपासच येतात. मुख्य दिवसांत गॅरेज बंद असतात, बसगाड्या माणसांनी भरून भरधाव धावतात. त्या दिवसांत डोंगरात गाडी बिघडली तर दोन-तीन दिवस बसून राहायची तयारी हवी.

परतीसाठी पोखरा, मुग्लिङ, नारायणगढ आणि तिथून महेंद्र राजमार्गाने बुटवल असा वळसा लोक सुचवतात, चितवन बघायला मिळतं म्हणून. जायला हरकत नाही, पण मुग्लिङ ते नारायणगढ हा त्रिशूलीच्या काठचा टप्पा दरडींचा आहे. जुलै २०२४ मध्ये तिथे दरडीने दोन बस नदीत ढकलल्या. पाऊस पडत असेल तर त्या रस्त्याला जाऊ नका. नारायणगढ ते बुटवल कित्येक वर्षं रुंदीकरणाखाली आहे, धूळ आणि खड्डे दोन्ही भरपूर. १४ दिवसांत मी तुमच्या जागी तानसेनवरूनच परतेन आणि वाचलेले दोन दिवस मार्फा-कागबेनीला देईन.

ट्रकमागे चालताना एक गोष्ट. ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो, त्याचा अर्थ कधी ‘जा पुढे’ असतो, कधी ‘मी उजवीकडे येतोय’. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत ओव्हरटेक करू नका. १२५ ला चढावर ट्रक ओलांडायला बराच वेळ लागतो, तेवढी मोकळी लांबी लागते. ट्रकच्या मागे धुळीत थांबण्यापेक्षा बाजूला घ्या, पाच मिनिटं बसा, पाणी प्या, त्याला जाऊ द्या. बाहेरच्या कडेला मात्र उभे राहू नका, पावसाळ्यानंतर ती कड आतून पोकळ असते. डोंगराच्या बाजूला, वरून दगड येणार नाही अशी जागा बघून थांबा.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं गाडीला द्या. चेन पुसून तेल, ताण तपासणं, स्पोकवर पान्हा हलका वाजवून आवाज ऐकणं, ढिला स्पोक ठसठशीत वाजत नाही, भद्द वाजतो. सायलेन्सर, नंबर प्लेट, कॅरिअर यांचे नट. पेट्रोल बेनीला आणि जोमसोमला मिळतं, तरी अर्धी टाकी झाली की भरा. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, एअर फिल्टर आणि ब्रेक शू बदला, आणि मिश्रणाचा स्क्रू फिरवला असेल तर लिहून ठेवलेल्या जागेवर आणा. ब्रेक किती झिजले ते मोजून मला कळवा. त्यावरून तुम्ही उतारावर कसे चालवलंत ते मी सांगू शकेन, आणि पुढच्या खेपेला कुठल्या रस्त्याला जायचं तेही.